एकच मिस्सा, दोन राजे: मुंबई-वसईच्या कॅथलिक समाजातील राजनिष्ठेचा इतिहास

माणसाचा धर्म कळला की त्याची राजनिष्ठा कोणाकडे आहे हेही कळते, असे गृहीत धरून हिंदुस्थानातील ख्रिस्ती समाजाविषयी फार काळ बोलले गेले आणि आजही बोलले जाते. हे गृहीत तपासून पाहायचे तर मुंबई, साष्टी आणि वसई या पट्ट्यातील कॅथलिकांच्या इतिहासाइतके चांगले साधन क्वचितच सापडेल, कारण येथे एकाच गावातील, एकाच श्रद्धेच्या आणि एकाच लॅटिन मिस्सेला गुडघे टेकणाऱ्या लोकांचे दोन तट पडले आणि ते पिढ्यान्‌पिढ्या टिकले. देवाविषयी, संस्कारांविषयी किंवा पोपच्या श्रेष्ठत्वाविषयी या दोन तटांत कधीच मतभेद नव्हता. वाद होता तो गावच्या चर्चमध्ये पाद्री कोणी नेमायचा, एवढ्याच मुद्द्यावर. पण हा मुद्दा वरवर कारभाराचा दिसला तरी त्याच्या मुळाशी कधी पोर्तुगालचा राजा होता, कधी ईस्ट इंडिया कंपनी होती, आणि शेवटी या समाजाला स्वतःची ओळख कोणत्या नावाने हवी आहे हा प्रश्न होता.

या वादाचे मूळ पंधराव्या शतकातील पोर्तुगालमध्ये आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे सरकणाऱ्या पोर्तुगीज आरमाराला पोप पाचवा निकोलस याने १४५५ मध्ये आणि त्याच्यामागून आलेल्या तिसऱ्या कॅलिक्स्टसने १४५६ मध्ये जे अधिकार दिले, त्यांतून ‘पाद्रोआदो’ ही व्यवस्था उभी राहिली. पाद्रोआदो म्हणजे राजाने पत्करलेले चर्चचे पालकत्व: नव्या मुलखात चर्च बांधायची, मिशनऱ्यांना जहाजांतून न्यायचे आणि पाद्र्यांच्या निर्वाहाची तजवीज करायची ही जबाबदारी राजाची, आणि त्या बदल्यात तिथल्या बिशपपदासाठी नाव सुचवण्याचा हक्कही राजाचा. गोव्याला सोळाव्या शतकाच्या चौथ्या दशकात स्वतंत्र धर्मप्रांताचा, म्हणजे एका बिशपच्या अधिकाराखालील प्रदेशाचा, दर्जा मिळाला आणि १५५८ मध्ये तो महाधर्मप्रांत झाला. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ च्या अखेरीस वसई, साष्टी आणि मुंबईची बेटे पोर्तुगीजांच्या हवाली केली तेव्हा या प्रदेशातील धर्मकारभारही आपोआप गोव्याच्या बिशपाकडे, म्हणजे अंतिमतः लिस्बनच्या राजाकडे गेला. राजाची सत्ता आणि चर्चची सत्ता इतकी एकजीव झालेली होती की एकीविरुद्ध बोलणे म्हणजे दुसरीविरुद्ध बोलणे ठरावे.

फ्रान्सिस्कन आणि जेझुइट संघांच्या पाद्र्यांनी वसई-साष्टीत जी धर्मांतरे घडवून आणली त्यांत दांडगाई होती, देवळांची मोडतोड होती, सवलतींचे आमिष होते, आणि काही ठिकाणी मनापासूनचा स्वीकारही होता. यांपैकी कोणतीही एक बाजू लपवून हा इतिहास प्रामाणिकपणे लिहिता येणार नाही. परंतु धर्मांतराने माणसाचे सगळेच बदलले असे नाही. कोळी, भंडारी, कुणबी, वाडवळ आणि सामवेदी अशा ज्या जातींतून लोक चर्चमध्ये आले त्या जातींच्या सीमा चर्चमध्येही बऱ्याच अंशी तशाच राहिल्या. घरात मराठीचीच बोली राहिली. बायका लुगडे नेसत राहिल्या. लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवरून पाणी आणण्याचा ‘उंबराचे पाणी’ हा विधी पाद्र्याच्या आशीर्वादाइतकाच आवश्यक राहिला. बदलले ते नाव. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचे पोर्तुगीज आडनाव घेण्याच्या रिवाजामुळे शेतात नांगर धरणारा परेरा झाला आणि होडी वल्हवणारा डिसोझा. हे नावच पुढे तीनशे वर्षे या समाजाच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण ठरले, कारण नाव वाचणाऱ्या परक्या माणसाला त्यामागचे लुगडे आणि ती बोली दिसत नसे.

रोमलाही राजाच्या या पालकत्वाची अडचण जाणवू लागली होती. पोर्तुगालची ताकद ओसरत चालली होती, कितीतरी प्रदेशांत त्याचे जहाजसुद्धा पोहोचत नव्हते, आणि तरीही तिथे बिशप नेमण्याचा हक्क त्याला सोडायचा नव्हता. म्हणून पोप पंधरावा ग्रेगरी याने १६२२ मध्ये ‘प्रोपगांडा फीदे’, म्हणजे श्रद्धाप्रसाराचे मंडळ, स्थापन केले. या मंडळाने पाठवलेले धर्माधिकारी ‘व्हिकर अपोस्टोलिक’ म्हणवले जात. ते कोणत्याही राजाचे नसून थेट पोपचे प्रतिनिधी असत आणि त्यांच्या नेमणुकीसाठी लिस्बनची संमती लागत नसे. पाद्रोआदो आणि प्रोपगांडा या दोन शब्दांनी पुढच्या तीन शतकांत मुंबईच्या गल्ल्या दुभंगल्या.

या संघर्षातील पहिला मोठा माणूस गोव्याचाच होता, ही गोष्ट जितकी लक्षात राहायला हवी तितकी राहिलेली नाही. दिवाडी बेटावर ब्राह्मण ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या मातेउश द कास्त्रो याला पाद्री होण्याची इच्छा होती, पण गोव्यात देशी माणसाला वाव नव्हता; म्हणून तो खुश्कीच्या मार्गाने रोमला गेला, तिथे शिकला, पाद्री झाला आणि १६३७ मध्ये बिशपपदाला पोहोचला. लॅटिन पंथातील तो पहिला भारतीय बिशप. प्रोपगांडाने त्याला विजापूरच्या आदिलशाही मुलखाचा व्हिकर अपोस्टोलिक म्हणून पाठवले, कारण गोव्याच्या हद्दीत त्याला कोणी पाय ठेवू दिला नसता. गोव्याच्या वेशीजवळ, त्या काळी आदिलशाहीत असलेल्या डिचोलीत राहून त्याने देशी तरुणांना पाद्रीपदाची दीक्षा दिली, आणि १६५३ मध्ये ‘ब्राह्मणांचा आरसा’ अशा आशयाच्या शीर्षकाचे पत्रक लिहून गोव्यातील ख्रिस्ती ब्राह्मणांना पोर्तुगीज सत्तेविरुद्ध उठण्याचे आवाहन केले. त्याच्या श्रद्धेत किंचितही फट नव्हती. पोपवरची निष्ठा पूर्ण होती, म्हणूनच राजाविरुद्ध उभे राहण्याचे बळ त्याला मिळाले, असे त्याच्या चरित्रावरून म्हणावे लागते; आणि ज्या सुलतानाच्या आश्रयाने तो राहिला तो मुसलमान होता, याने त्याचे काही अडले नाही. हीच नस शतकाहून अधिक काळाने, १७८७ च्या पिंटोंच्या कटात, पुन्हा उघडी पडली. कांदोळीच्या पिंटो घराण्याशी संबंधित लोक, गोव्याचे पाद्री आणि लष्करातील देशी शिपाई यांनी पोर्तुगीज सत्ता उलथण्याचा बेत केला, आणि त्यामागील कारणांत वरिष्ठ धर्मपदे देशी पाद्र्यांना नाकारली जाण्याचा सल ठळक होता. पंधरा जणांना मृत्युदंड झाला, तर पाद्र्यांना लिस्बनला नेऊन कोंडले गेले.

मुंबईत या वादाला इंग्रजांमुळे वेगळे वळण लागले. १६६१ च्या विवाहतहाने पोर्तुगालच्या राजकन्या कॅथरिनच्या आंदणात मुंबई इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला मिळाली, १६६५ मध्ये बेटाचा प्रत्यक्ष ताबा घेण्यात आला आणि १६६८ मध्ये राजाने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिले. तहात इथल्या रहिवाशांना कॅथलिक धर्म मोकळेपणाने पाळता येईल असे वचन होते. परिणामी प्रॉटेस्टंट कंपनीच्या राज्यात कॅथलिक प्रजा, आणि त्या प्रजेचे पाद्री मात्र गोव्याच्या आर्चबिशपच्या, म्हणजे शेजारच्या परक्या राजाच्या, हुकमतीत, अशी अवस्था निर्माण झाली. माहीमच्या खाडीपलीकडे वांद्र्याला पोर्तुगीज हद्द लागत असल्याने ही भीती कागदी नव्हती. १७१९-२० च्या सुमारास तणाव वाढला तेव्हा गव्हर्नर चार्ल्स बून याने परळ येथील जेझुइटांची मिळकत जप्त केली, जिथे पुढे गव्हर्नरांचे निवासस्थान झाले आणि आज हाफकिन संस्था आहे. १७२० मध्ये पोर्तुगीज पाद्र्यांना बेट सोडण्याचा हुकूम निघाला आणि त्यांच्या जागी प्रोपगांडाचे कार्मेलाइट संघाचे पाद्री आले. हे कार्मेलाइट बहुतांशी इटालियन होते, आणि पोर्तुगालच्या राजाशी निष्ठेची शपथ घ्यायला नकार दिल्यामुळे त्यांच्या संघाला आधी गोव्यातून बाहेर काढण्यात आले होते. त्यांनी मुंबईत इंग्रज सरकारशी एकनिष्ठ राहण्याची हमी दिली. मिस्सा तीच, वेदी तीच, मूर्ती त्याच. रविवारी वेदीपाशी उभा राहणारा माणूस तेवढा वेगळा, आणि त्याच्या नेमणुकीमागचा राजा वेगळा.

मराठ्यांचे सेनापती चिमाजी अप्पा यांनी मे १७३९ मध्ये वसई घेतली आणि या प्रदेशातील पोर्तुगीज राज्य संपले, तेव्हा तिथल्या ख्रिस्ती रयतेपुढे वेगळाच प्रश्न उभा राहिला. युरोपीय पाद्री आणि साहेब लोक निघून गेले. शेते, वाड्या आणि होड्या ज्यांच्या होत्या ते जाणार कुठे? तहात धर्म पाळण्याची मुभा होती आणि गोव्याहून येणाऱ्या देशी पाद्र्यांनी उरलेली चर्च सांभाळली. मराठी राज्यात राहूनही ही माणसे ख्रिस्तीच राहिली, हे नीट पाहिले पाहिजे: ज्या राजाच्या छत्राखाली त्यांच्या पणज्यांचा बाप्तिस्मा झाला तो राजा गेल्यावर श्रद्धा गेली नाही. या संक्रमणाची सर्वांत बोलकी खूण घंटांची आहे. वसईच्या चर्चमधील मोठमोठ्या घंटा विजयाची निशाणी म्हणून सरदारांनी देशावर नेल्या आणि त्या देवळांत टांगल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटा प्रसिद्ध आहे, आणि वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर टांगलेल्या घंटेवर १७०७ हे ओतकामाचे साल व बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती आजही दिसते. घाटावर येणाऱ्या बाईच्या बोटांना त्या आकृतीचा उंचवटा लागतो. वसईत ती घंटा मिस्सेला बोलावत होती आणि मेणवलीत ती शंकराच्या पूजेला वाजते.

मुंबईतले पाद्रोआदोवाले १७२० ची गोष्ट विसरले नव्हते. कंपनीला गोव्याशी स्नेह राखण्याची गरज भासू लागली तेव्हा १७८९ मध्ये मुंबईची चर्च गोव्याच्या आर्चबिशपाला परत देण्यात आली, १७९१ मध्ये लंडनच्या संचालकांच्या हुकमावरून ती पुन्हा कार्मेलाइटांकडे आली, आणि लोकांच्या अर्जविनंत्यांनंतर १७९४ मध्ये तडजोड होऊन चर्चची वाटणी करण्यात आली: दोन याच्याकडे, दोन त्याच्याकडे. हिंदुस्थानच्या धर्मेतिहासात ही तडजोड अपूर्व म्हणावी लागेल. कंपनीचे अधिकारी प्रॉटेस्टंट. त्यांना कॅथलिकांच्या आतल्या अधिकारकक्षेचे काही सोयरसुतक नव्हते. त्यांनी आपला कौल सोपा ठेवला आणि त्या त्या चर्चच्या भक्तमंडळींना काय हवे ते महत्त्वाचे मानले. ज्या प्रश्नाचा निर्णय कॅथलिक नियमाप्रमाणे वरून खाली यायचा, तो व्यवहारात खालून वर जाऊ लागला. चर्चच्या मिळकतीचा कारभार पाहणाऱ्या पंचांना, ज्यांना पोर्तुगीज परंपरेत ‘फाब्रिका’ म्हणत, एकाएकी राजकीय वजन आले.

१८३२ ते १८३४ या काळात पोर्तुगालमध्ये दोन भावांच्या पक्षांत यादवी झाली, उदारमतवाद्यांचा विजय झाला, १८३४ मध्ये तिथले साधुसंघ बरखास्त झाले आणि रोमशी संबंध तुटले. या पार्श्वभूमीवर पोप सोळावा ग्रेगरी याने एप्रिल १८३८ मध्ये ‘मुल्ता प्रेक्लारे’ या नावाने ओळखले जाणारे आज्ञापत्र काढून इंग्रजी मुलखातील पाद्रोआदोचे अनेक अधिकार थांबवले आणि ते व्हिकर अपोस्टोलिकांकडे सोपवले. गोव्याच्या पाद्र्यांनी ते मानले नाही. राजाच्या मान्यतेची मोहोर नसलेले आज्ञापत्र लागू होत नाही, हा त्यांचा कायद्याचा मुद्दा. प्रोपगांडावाल्यांनी त्यांना ‘फुटीर’ ठरवले. एकाच विहिरीचे पाणी पिणाऱ्या घरांत सोयरिकी थांबल्या, आणि मयत कोणत्या चर्चच्या आवारात पुरायचे यावरून भांडणे होऊ लागली.

या भांडणाचा कळस १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये झाला. बिशप अनास्तासियुस हार्टमान हा स्विस कापुचिन साधू तेव्हा मुंबईत प्रोपगांडाचा प्रमुख होता. १८५० मध्ये त्यानेच मुंबईतील कॅथलिकांचे इंग्रजी नियतकालिक सुरू केले होते, जे ‘एक्झामिनर’ या नावाने आजतागायत निघते. माहीमच्या भक्तमंडळींपैकी बहुसंख्य पाद्रोआदोकडे जायला निघाली, तेव्हा हार्टमान स्वतः चर्चमध्ये जाऊन बसला आणि आतून दारे बंद करून घेतली. बाहेर माहीमचे लोक वेढा घालून बसले. ज्या माणसाच्या हातून त्यांच्या मुलांना दृढीकरणाचा संस्कार मिळायचा, त्याच माणसाचे अन्नपाणी त्यांनी अडवून धरले. आतला बिशप प्राण गेला तरी चर्च सोडणार नाही असे म्हणत होता आणि बाहेरचे लोकही तितक्याच निष्ठेने रोझरी म्हणत असले पाहिजेत. अनेक दिवसांनी सरकारने मध्ये पडून दारे उघडवली आणि चर्च पाद्रोआदोच्या स्वाधीन झाले. दोन्ही बाजूंना आपण पोपचे खरे पुत्र आहोत याविषयी तिळमात्र शंका नव्हती, आणि दोन्ही बाजू त्या अर्थाने खऱ्याच होत्या.

माहीमच्या लोकांना लिस्बनच्या राजाचे इतके प्रेम होते का, हा प्रश्न इथे टाळता येत नाही. त्यांच्यापैकी कोणी लिस्बन पाहिलेले असण्याची शक्यता फारच कमी. पण पाद्रोआदोचा पाद्री म्हणजे बहुतेक वेळा गोव्याचा माणूस: रंगाने त्यांच्यासारखा, कोकणीतून त्यांच्या बोलीच्या जवळ येणारा, त्यांच्या लग्नात जेवणारा, त्यांच्या रीती ठाऊक असलेला. प्रोपगांडाचा पाद्री म्हणजे इटालियन, स्विस किंवा पुढे जर्मन. ‘पोर्तुगीज’ म्हणवणारा पक्ष प्रत्यक्षात देशी पाद्र्यांचा पक्ष होता आणि पोर्तुगालच्या राजाचे नाव ही त्याची ढाल होती. कास्त्रोने ज्या हक्कासाठी रोमचा आधार घेऊन राजाला विरोध केला, त्याच हक्कासाठी दोनशे वर्षांनी माहीमकरांनी राजाचा आधार घेऊन रोमच्या प्रतिनिधीला विरोध केला. राष्ट्रीय ओळखीची जी जाणीव पुढे विसाव्या शतकात स्पष्ट शब्दांत मांडली गेली तिचे बीज या हट्टात शोधले पाहिजे, आणि केवळ त्यांच्या तोंडी परक्या राजाचे नाव होते म्हणून या माणसांना परकीयांचे हस्तक म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

२३ जून १८८६ रोजी पोप तेरावा लिओ आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. मुंबईला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला, पण त्याच भूमीवर पाद्रोआदोसाठी दमणचा धर्मप्रांत निर्माण झाला, आणि दुहेरी अधिकारकक्षेला जणू कायद्याचे रूप आले. वांद्र्यात सेंट अँड्र्यूज चर्च पाद्रोआदोचे, आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर जेझुइटांचे सेंट पीटर्स प्रोपगांडाचे. कोण कोणत्या घंटेला उठतो यावरून घराचा पक्ष कळे. पुढल्याच वर्षी, २६ मे १८८७ रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाचे निमित्त साधून मुंबईच्या मूळच्या कॅथलिकांनी ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ स्थापन केली आणि ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. तोपर्यंत त्यांना सर्रास ‘पोर्तुगीज’ किंवा ‘नेटिव्ह ख्रिश्चन’ म्हटले जाई. गोवा आणि मंगळूरहून नोकरीसाठी येणाऱ्या कॅथलिकांची आडनावे हुबेहूब यांच्यासारखी होती. गोवेकर पोर्तुगालचे प्रजाजन, आणि कारकुनीच्या त्याच जागांसाठी चढाओढ. तेव्हा आपण कंपनीचे सर्वांत जुने प्रजाजन आहोत हे सांगणारे नाव घेण्यात पोटाचा प्रश्न होता, आणि मानाचाही. मात्र या निवडीची किंमत मोठी होती: मराठी बोलणाऱ्या, लुगडे नेसणाऱ्या, गावठाणात शेतीमिठागरे करणाऱ्या समाजाने आपल्या भूमीचे किंवा भाषेचे नाव बाजूला ठेवून एका विलायती व्यापारी कंपनीचे नाव कपाळी लावले. ‘पोर्तुगीज’ हा शिक्का पुसण्यासाठी दुसऱ्या परक्या सत्तेचा शिक्का घ्यावा लागावा, ही त्या काळाने त्यांच्यावर आणलेली वेळ होती, आणि ती आठवताना वाईट वाटते.

त्याच समाजातून, माझगावच्या माथारपाखाडीतून, जोसेफ बाप्टिस्टा आले. १८६४ मध्ये जन्मलेल्या बाप्टिस्टांनी पुण्यात अभियांत्रिकीचे आणि पुढे केंब्रिजला शिक्षण घेतले, मुंबईत वकिली केली आणि लोकमान्य टिळकांचे ते निकटचे सहकारी झाले. १९१६ मध्ये होमरूल लीग स्थापन झाली तेव्हा तिचे अध्यक्षपद टिळकांनी स्वतः न घेता बाप्टिस्टांकडे दिले. कामगार चळवळीतही ते आघाडीवर होते आणि १९२५ मध्ये मुंबईचे महापौर झाले. गणेशोत्सवाने आणि शिवजयंतीने राष्ट्र जागे करू पाहणाऱ्या टिळकांच्या पक्षात एक श्रद्धावान कॅथलिक गृहस्थ ‘काका’ या नावाने वावरतो आणि कोणालाच त्यात विसंगती वाटत नाही, ही घटना या सगळ्या इतिहासात विशेष मोलाची आहे, कारण ईस्ट इंडियन या नावात राजनिष्ठेची जी ग्वाही होती ती त्या नावाच्या माणसाला बांधू शकली नाही. माझगावच्या टेकडीवर त्यांच्या नावाचे उद्यान आहे. आणि इंग्रज सरकारचाही धर्मबंधुत्वावर फारसा विश्वास नव्हता हे याच सुमारास दिसले: पहिल्या महायुद्धात मुंबईतील जर्मन जेझुइटांना, ज्यांच्या संघाने १८६९ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेज सुरू केले होते, शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून नजरकैदेत ठेवून पुढे मायदेशी पाठवण्यात आले.

पोर्तुगालमध्ये १९१० साली राजेशाही गेली, नवे प्रजासत्ताक चर्चच्या विरोधात उभे राहिले, १९११ मध्ये तिथे धर्म आणि शासन यांची फारकत झाली. तरीही मुंबईतील बिशपपदावरचा जुना हक्क या निधर्मी सरकारने सोडला नाही, कारण आता त्याला त्यात साम्राज्याची प्रतिष्ठा दिसत होती. १९२८ च्या करारान्वये दमणचा धर्मप्रांत रद्द होऊन त्याचा इंग्रजी हद्दीतील भाग मुंबईत विलीन झाला आणि दुहेरी कारभार संपला, पण मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असावा अशी अट आली. आधी पोर्तुगीज जेझुइट जोआकिम लिमा, मग १९३७ मध्ये इंग्रज जेझुइट टॉमस रॉबर्ट्स. लाखो देशी कॅथलिकांच्या गुरूपदासाठी दोन परके देश पाळी लावून बसले होते, आणि या मातीतला माणूस त्या पाळीत कुठेच नव्हता. रॉबर्ट्स यांना ही गोष्ट टोचत होती. १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस या गोमंतकीय वंशाच्या पाद्र्याला साहाय्यक बिशप करून घेतल्यावर त्यांनी कारभार त्यांच्या हाती सोपवला आणि स्वतः मुंबईबाहेर राहिले, म्हणजे पुढची पाळी पोर्तुगीजांची असे म्हणायला जागाच उरू नये. १८ जुलै १९५० रोजी पोर्तुगालने भारतातील बिशपांची नावे सुचवण्याचा हक्क सोडला, त्याच वर्षाच्या अखेरीस रॉबर्ट्स यांचा राजीनामा मंजूर होऊन ग्रेशियस आर्चबिशप झाले, आणि १९५३ मध्ये ते पहिले भारतीय कार्डिनल झाले. दिवाडीच्या मातेउशने मागितलेली गोष्ट त्याच्या पत्रकानंतर बरोबर तीनशे वर्षांनी मिळाली.

गोवा मात्र अजून पोर्तुगीजांकडे होता, आणि पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचे सरकार जगाला सांगत होते की गोवा ही पूर्वेकडील कॅथलिक भूमी असून तिचे रक्षण म्हणजे श्रद्धेचे रक्षण. याला उत्तर ज्यांनी दिले त्यांत गोव्याचे कॅथलिकच पुढे होते. त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांनी १९२८ मध्ये गोवा काँग्रेस समिती स्थापन केली आणि १९४४ मध्ये गोवेकरांच्या राष्ट्रीयत्वहरणावर पुस्तिका लिहून दाखवून दिले की पोर्तुगीज राज्याने गोवेकराला आपल्या भाषेपासून, शेजाऱ्यापासून आणि इतिहासापासून तोडले आहे. १८ जून १९४६ ला मडगावला राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांच्याबरोबर डॉ. ज्युलियांव मिनेझिस होते. कुन्हांना लष्करी न्यायालयाने शिक्षा देऊन पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात धाडले; तिथून सुटून ते अखेर मुंबईला पोहोचले आणि १९५८ मध्ये, मुक्त गोवा न पाहताच, मुंबईतच वारले. सालाझारच्या युक्तिवादाला खुद्द रोममधूनही पाठबळ मिळाले नाही. जुलै १९५५ मध्ये पंतप्रधान नेहरूंनी रोमला पोप बारावा पायस याची भेट घेतली आणि गोव्याचा प्रश्न राजकीय आहे, धार्मिक नाही, याविषयी पोपचे दुमत नसल्याचे त्यानंतर सांगितले. पाचशे वर्षांपूर्वी एका पोपने राजाच्या हाती दिलेली दोरी दुसऱ्या पोपने अशी सैल केली.

दादरला गोखले रोडवर ‘पोर्तुगीज चर्च’ नावाचा थांबा आहे. त्या चर्चचे खरे नाव साल्व्हासांव, म्हणजे तारणमाता. पाद्रोआदोच्या काळापासून त्याला पोर्तुगीज हे विशेषण चिकटले. जुनी इमारत आता नाही. सध्याची, काँक्रीटच्या घुमटाकार छपरांची आणि मोकळ्या अंगणांची इमारत १९७० च्या दशकात उभी राहिली, तिचा आराखडा चार्ल्स कोरिया यांचा, आणि रविवारी तिथे मराठीतही मिस्सा होते. बसचा कंडक्टर अजूनही ‘पोर्तुगीज चर्च’ असेच ओरडतो, आणि दादरचे लोक उतरतात.